पलंगामागची भिंत

६ जुलै, रविवार

‘ही गेली’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. कुणाच्या हाती पडलं तर भलताच अर्थ काढायचा. ही लेकीकडे गेली आहे. सुखरूप आहे. लेकीला नवी नोकरी लागली, जावई फिरतीवर असतो, नातीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून दोन महिन्यांच्या बोलीवर गेली. बोलीला आता चौथा महिना लागला.

दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवायची माझी जुनी सवय. काय बिघडलं, काय उघडलं, काय बसवलं. घरी बोलायला कुणी नाही, तर घरचंही तसंच लिहावं म्हटलं.

आज काही बिघडलेलं नाही. दिवसभर पाऊस होता, खिडक्या लावून बसलो. दुपारी हिचा फोन आला. आवाज कसा खणखणीत! तिकडे गेल्यापासून खोकला पार थांबला म्हणाली. नातवंडं म्हणजे औषधच.

१० जुलै, गुरुवार

पलंगाखालचे चांगले बूट काढले तर त्यांच्यावर पांढरी-हिरवी लव. हात लावला तर मऊ, मांजराच्या पिल्लासारखी. बूट पुसले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पलंग ओढून मागची भिंत पाहिली. खालपासून कमरेपर्यंत काळे ठिपके, कुणी शाई झटकल्यासारखे. रंगाला पोपडे आलेत.

ही असताना भिंत अशी नव्हती. दर शनिवारी पलंग सरकवून कसल्याशा उग्र वासाच्या पाण्याने ती भिंत पुसायची. मी म्हणायचो, “अगं, भिंत आहे की आरसा?” स्वच्छतेचं वेडच तिला. आता चार महिन्यांत भिंतीने हे रूप घेतलं. बाईमाणूस नसलं की घर रुसतं म्हणतात, ते खोटं नाही.

पलंग परत सरकवून ठेवला. दिसत नाही.

१६ जुलै, बुधवार

एक बाई वडिलांचा जुना कॅमेरा घेऊन आल्या. वडील वारले, त्यांच्या कपाटात निघाला म्हणे. चामड्याच्या पेटीत वर्षानुवर्षं बंद. भिंग उजेडाकडे धरलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. मी त्यांना चांगलंच सुनावलं. म्हटलं, “बाई, कॅमेरा कोंडून ठेवायची वस्तू नाही. त्याला हवा लागते, उजेड लागतो. बंद करून ठेवलात की हेच होणार.”

“निघेल का?” त्यांनी विचारलं.

“निघेल. पण फार दिवस राहिली असेल तर बुरशी काचेवरचा थर खाते. मग ती निघाली तरी खूण राहते.”

बाईंचे डोळे भरून आले. मला वाटलं उगाच बोललो. गिऱ्हाईक आधीच आठवड्यातून दोन-तीन, त्यातलंही एक रडवलं.

घरी आलो तर पाऊस तिरका. सगळ्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत फडकं कोंबलं. कपडे तीन दिवस आतल्या दोरीवर आहेत, वाळायचं नाव नाही. शर्टाला कुबट वास येतो. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या. आता शर्टाला दोन वास येतात.

२ ऑगस्ट, शनिवार

खोकला लागलाय. सकाळी उठलो की डोकं जड, नाक बंद, डोळे चुरचुरतात. दुकानात जाऊन बसलो की तासाभरात बरं वाटतं. कामात माणूस दुखणं विसरतो ते असं.

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. “अहो, तुम्ही खोकता ते मला वर ऐकू येतं. आधी वहिनी खोकायच्या, आता तुम्ही. वाटून घेतलंत की काय?” म्हणून हसल्या. मीही हसलो. नंतर घरात आल्यावर एकटाच पुन्हा हसून पाहिलं. खोकला आला.

९ ऑगस्ट, शनिवार

फोन केला. विचारलं, “कधी येतेस?”

“बघू.”

“म्हणजे कधी?”

“अहो, बघू म्हटलं ना.”

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा ‘बघू’ म्हणालो, तेव्हा ते काम कधीच झालं नाही. तिलाही हे ठाऊक आहे. तिकडे चौथ्या मजल्यावर घर, दोन बाजूंनी ऊन, गच्चीत झाडं. माणसाला चांगल्या घराची चटक लागते. आमचं तळमजल्याचं, जुनं. पण याच घरात लेक लहानाची मोठी झाली की नाही? तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

पलीकडून भिंगरीचा आवाज येत होता. नातीचं हे नाव मीच ठेवलंय, एका जागी बसत नाही म्हणून. “आज्जी, लवकर, सगळ्या जमल्या!” ओरडत होती. कोण सगळ्या, ते मी विचारलं नाही. हिने फोन ठेवला.

२० ऑगस्ट, बुधवार

अखेर डॉक्टरकडे गेलो. आमचे नेहमीचेच. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “छातीत शिट्टी वाजतेय. घरात ओल आहे का?”

मी म्हटलं, “नाही हो. पावसाळ्यात सगळ्यांकडे असते तेवढीच.”

“भिंतीवर काळं-हिरवं काही?”

“छे.”

का नाही म्हणालो? बसून विचार केला. एकदा ‘आहे’ म्हटलं की ते पुढे काहीतरी करायला सांगणार. प्लास्टर फोडा, सामान हलवा, मागची खोली मोकळी करा. मागची खोली म्हणजे माझी डार्करूम. झोपायच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली होती, तिच्या खिडकीवर फळ्या ठोकून मी ती तयार केली, लेक शाळेत जायला लागली त्या सुमाराला. मोरी घेतली, नळ घेतला, लाल दिवा लावला. त्या खोलीत मी जितका सुखात होतो तितका कुठेच नव्हतो. आता फिल्म धुवायला कुणी देत नाही, मीही वर्षानुवर्षं आत काही धुतलेलं नाही. पण आहे. असू दे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “जमलं तर चार दिवस दुसरीकडे राहून बघा.” हवापालट! यांच्या आजोबांच्या काळचा उपाय.

८ सप्टेंबर, सोमवार

भिंगरीच्या वाढदिवसाला लेकीकडे जाऊन आलो. शनिवारी गेलो, आज परतलो. दोन्ही रात्री दिवाणखान्यात गादीवर झोपलो आणि मेल्यासारखी झोप लागली. खोकला नाही, डोकं जड नाही. माणसांत असलं की दुखणं पळतं, हे मी म्हणतच होतो.

ही बदलली आहे. केस कापून घेतलेत मानेपर्यंत. मला सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी भाजी घेऊन आम्ही दोघं जिना चढत होतो, चार मजले. मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलो, ही बोलत-बोलत पुढे गेली. वरून वाकून म्हणाली, “काय हो, दमलात?”

मी म्हटलं, “घरी तर तू आपल्या पाच पायऱ्या चढून धापा टाकायचीस.”

ती एक पायरी खाली आली. मग म्हणाली, “लक्षात होतं तुमच्या?”

“असणारच की.”

“मग कधी बोलला नाहीत.”

कुणाला धाप लागली तर तोंडावर सांगायचं का, तुला धाप लागते म्हणून? वय झालं की लागतेच. मी तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो होतो. हे तिला सांगायला हवं होतं, पण तोवर लेकीने दार उघडलं.

जेवताना मीच विषय काढला. लेक म्हणाली, “बाबा, आईला इथेच राहू द्या की.” मी म्हटलं, “आणि मी?” लेकीने माझ्या पानात पोळी वाढली. भिंगरी म्हणाली, “आजोबा, तुम्ही गादीवर झोपा.” सगळे हसले. शेवटी ही म्हणाली, “ऑक्टोबरात येते पंधरा दिवस. बघते कसं होतंय.”

कसं होतंय म्हणजे? स्वतःच्या घरात राहायला काय बघायचं असतं?

पण येतेय. येतेय हे महत्त्वाचं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गवंड्याला बोलावलं. त्याने पलंग ओढला, भिंतीवर बोटाने टकटक केलं, एका जागी किल्ली खुपसली तर प्लास्टर केकसारखं गळून पडलं. म्हणाला, “पाणी मुरतंय कुठूनतरी. फोडून बघावं लागेल. मागच्या खोलीत काय आहे?”

“जुनं सामान.”

“ती मोकळी करा, खिडकी उघडा. मी प्लास्टर काढतो. भिंत महिनाभर वाळू द्यायची, मग पुढचं.”

महिनाभर! ही आठवड्याने येणार. म्हटलं, “नुसता रंग मारून भागणार नाही का?”

“भागेल की. दोन महिने.”

दोन महिने पुष्कळ झाले. एकदा ती आली, राहिली, रुळली की मग भिंतीचं सावकाश बघता येईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल आणि आज रंग मारला. स्वतःच्या हाताने. आधी पोपडे खरवडले, काळ्या डागांवर घासणी फिरवली. धूळ इतकी उडाली की नाकातोंडाला रुमाल बांधूनही खोकून-खोकून पुरेवाट झाली. मग तेलाचा रंग, दोन हात. मलई रंग घेतला, तिला आवडतो. पाऊस आत येऊन ओला रंग बिघडू नये म्हणून घर बंद ठेवलंय. वास डोक्यात भिनलाय, पण निदान तो कुबट वास नाही.

भिंत नव्या नवरीसारखी दिसते. पलंग नेटका लावला, नवी चादर घातली. उशा दोन.

११ ऑक्टोबर, शनिवार

आली!

स्टँडवर गेलो होतो. एकटीच आली, एक लहान बॅग घेऊन. मी म्हटलं, “एवढंच सामान?” म्हणाली, “पंधरा दिवसांना किती लागतं?”

घरात शिरली, चप्पल काढली आणि सरळ झोपायच्या खोलीत गेली. पलंगाला वळसा घालून भिंतीवर तळवा ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ. मी दारात उभा. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

“रंग छान आहे,” म्हणाली.

स्वयंपाक दोघांनी मिळून केला. म्हणजे तिने केला, मी कांदा चिरला. भिंगरीच्या गमती सांगत होती. इमारतीतल्या बायकांना शिवण शिकवते म्हणे, आधी दोघी यायच्या, आता खोली भरते. मी म्हटलं, “इथेही शिकव की.” ती म्हणाली, “इथे कुठे?” मी घराकडे पाहिलं. खरंच, जागा नाही.

रात्री तिने अंथरूण स्वयंपाकघरात घातलं. जायच्या आधी दोन-तीन वर्षं तिथेच झोपायची. मी घोरतो ना. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांनी आलीय तर आज तरी... असो. नवी चादर आहे, मी एका बाजूला झोपेन. दुसरी बाजू चुरगळायला नको.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मुद्दाम म्हटलं, “अगं, खोली तुझ्यासाठी रंगवली.” तर हसून “बरं” म्हणाली आणि दुपारची तिथे आडवी झाली. मला फार बरं वाटलं. उठल्यावर दोनदा खोकली. सर्दी असेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कालचं आज लिहितो.

काल दुपारी जेवायला घरी आलो तर ही बाहेरच्या पायरीवर बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानापर्यंत वर. मला वाटलं माझी वाट बघतेय. म्हटलं, “काय गं, आज बाहेर?” तिने मान वर केली. ओठ निळसर. बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच येईना, नुसती शिट्टी. प्रत्येक श्वास असा ओढत होती, जसा अडकलेला ड्रॉवर ओढावा.

मी तिला उचलून आत पलंगावर नेऊ लागलो. ती माझा हात ढकलत होती. डोळे मोठे करून, सगळं बळ लावून ढकलत होती. मला कळेना. वरून काकू धावत आल्या आणि ओरडल्या, “आत कुठे नेताय? गाडी बोलवा!”

इस्पितळात तिला तोंडावर वाफेचा मुखवटा लावला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मला बाजूला घेऊन विचारू लागल्या, “याआधी असं झालंय?”

“थोडा खोकला असतो. पावसाळ्यात.”

“घरात ओल, बुरशी?”

“तशी फार—” मी म्हणालो आणि खाटेकडे पाहिलं. मुखवट्याच्या वर फक्त तिचे डोळे दिसत होते. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही. वाट बघत होती, मी काय म्हणतो त्याची.

“आहे,” मी म्हटलं. “पुष्कळ आहे. आणि मी त्यावर रंग मारला. गेल्याच आठवड्यात.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ही आता बोलते. दोन वाक्यं, मग थांबते.

मी विचारलं, “तू स्वयंपाकघरात झोपायचीस ते माझ्या घोरण्यामुळेच ना?”

“नाही.”

“मग?”

“तिथे श्वास यायचा. मागचं दार फट ठेवलं की.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं.” थांबली. “पहिल्या वर्षी सांगितलं. तुम्ही म्हणालात, पावसाळा आहे. दुसऱ्या वर्षी सांगितलं, ती मागची खिडकी उघडा. तुम्ही म्हणालात, बघू.” पुन्हा थांबली. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “लोकांच्या भिंगाला बुरशी लागली तर शिव्या घालता हो तुम्ही.”

मला हसताही येईना. भिंतीकडे पाहत बसलो. इस्पितळाची भिंत, पांढरी, कोरडी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लेक येऊन तिला थेट इस्पितळातूनच घेऊन गेली. जावई गाडी घेऊन आला होता. लेक इतकी चिडली होती की माझ्याकडे पाहतही नव्हती. शेवटी गाडीच्या दारापाशी म्हणाली, “बाबा, आई आता त्या घरात पाऊल टाकणार नाही.”

“मी नीट करतो.”

“काय नीट करता? ती मेली असती.”

ही गाडीतून म्हणाली, “पुरे गं.” मला म्हणाली, “तुम्हीही तपासून घ्या छाती. मी ऐकलंय तुमचं खोकणं.”

गाडी गेली. तिची लहान बॅग घरीच राहिली होती, ती उद्या पाठवायला हवी, असा विचार करत चालत घरी आलो. काकूंनी जेवण पाठवलं. ताट तसंच ठेवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दुकान बंद ठेवलं आणि डार्करूम उघडली. फळ्यांचे खिळे गंजून भुगा झालेले, पकडीने ओढले की डोकं हातात यायचं. शेवटी पहारीने उचकटल्या. उजेड आत आला आणि मी ती खोली पहिल्यांदा पाहिली असं म्हणायला हरकत नाही. छतापर्यंत काळी. मखमलीसारखी जाड. तबकं, बाटल्या, सुकत घालायचे चिमटे, सगळ्यांवर तीच लव.

गवंड्याने मोरीखाली फोडलं. पाण्याची नळी भिंतीतच तडकलेली होती. नळ मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता, पण त्यात पाणी होतंच की. थेंब-थेंब, आत, भिंतीत, पलंगामागे. “किती दिवस झाले असतील?” मी विचारलं. तो म्हणाला, “दिवस नाही हो. वर्षं.”

तिच्या उशापासून वीतभर अंतरावर.

नळी काढून टाकली. मोरी काढली. तबकं, दिवा, सगळं भंगारात. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटायला जागा उरली नव्हती.

२ नोव्हेंबर, रविवार

प्लास्टर काढलंय, विटा उघड्या आहेत. झोपायच्या खोलीत झोपता येत नाही, म्हणून अंथरूण स्वयंपाकघरात. तिच्या जागी. ओट्याच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये माणूस जेमतेम मावतो, पाय पोटाशी घेऊन. डोक्याशी एक खिळा आहे, शाल अडकवायला. खाली फळीवर तिचा चष्मा ठेवायची डबी, एक जुना रेडिओ, पाण्याचा तांब्या. एवढं सगळं ती इथे मांडून राहिली होती आणि मी पलीकडच्या खोलीत ऐसपैस. रोज सकाळी चहा प्यायला मी इथेच यायचो. इथे एक आख्खं बिऱ्हाड आहे, हे मला कधी दिसलं नाही.

दार फट ठेवून झोपतो. गार वारा पायाला लागतो. पण श्वास येतो, हे खरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाऊस गेला. दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या. विटांचा रंग बदलतोय, गडद होत्या त्या फिक्या होत चालल्यात. सकाळ-संध्याकाळ हात लावून बघतो. गवंडी म्हणाला, “काका, सारखं हात लावून भिंत लवकर वाळत नाही.”

फोनवर ही विचारते, औषध घेता का. घेतो म्हणतो. तिच्या मागून शिवणयंत्रांचा आवाज आणि बायकांचं हसणं. “गडबडीत आहेस का?” मी विचारतो. “थोडी,” म्हणते. मी फोन ठेवतो.

माझा खोकला जवळजवळ थांबला आहे. कुणाला सांगावं असं वाटलं. काकूंना सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार

नवं प्लास्टर झालं, चुन्याचा साधा रंग झाला. मागच्या खोलीची खिडकी मोठी करून घेतली. मधलं दार उघडं ठेवलं की झोपायच्या खोलीत सकाळी ऊन येतं, थेट पलंगापर्यंत. या घरात ऊन येतं हे आम्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मला खात्री नाही.” मग मागून हिचा आवाज आला, “मी जाऊन बघते.”

“आई!”

“एक रात्र. औषध बरोबर नेते.”

७ डिसेंबर, रविवार

काल सकाळच्या बसने आली. या वेळी मी काहीच दाखवलं नाही, काहीच बोललो नाही. ती फिरत राहिली. भिंत, मागची खोली, पलंगाखाली वाकून. मग मागच्या खोलीत उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, “इथे यंत्र बसलं असतं की हो.”

“बसेल. अजूनही बसेल.”

तिने खिडकीची चौकट हाताने चाचपून पाहिली.

संध्याकाळी आम्ही पुष्कळ बोललो. म्हणजे ती बोलली. तिच्या वर्गात एक सत्तरीची बाई आहे, तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा झगा शिवायचाय. एक आहे ती शिवत नाही, नुसती येऊन बसते. मी मध्ये-मध्ये विचारत होतो. तिला नवल वाटत असावं, कारण दोनदा थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

रात्री ती पलंगावर झोपली. आपल्या बाजूला. आज सकाळी ऊन तोंडावर आलं तरी उठली नाही. या घरात ती माझ्यानंतर उठल्याचं मला आठवत नाही. मी चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. उठवावंसं वाटेना. श्वास अगदी शांत चालला होता. दारात उभा राहून मी मनात म्हटलं, जिंकलो.

ती उठली, आळस दिला, छातीवर हात ठेवून एक मोठा श्वास घेतला. माझ्याकडे बघून हसली. छान हसली. आणि म्हणाली, “माझी परतीची बस किती वाजता आहे हो?”

मी वेळ सांगितली.

स्टँडवर बाकावर बसलो तेव्हा म्हटलं, “घर कोरडं झालं ना?”

“झालं. मनापासून केलंत तुम्ही. मला दिसतंय.”

“मग?”

ती समोरच्या बसकडे बघत होती. “मलाही वाटत होतं, दम्यामुळे मी तिकडे राहतेय. घर बरं झालं की येईन. काल इतकी छान झोप लागली, आणि सकाळी उठले तेव्हा कळलं, कारण संपलं.” थांबली. धाप लागल्यामुळे नाही. “कारण संपलं, तरी मला परत जायचंय. तुमच्यावर राग नाही माझा. खरंच नाही.”

राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. माफी मागितली असती, आणखी एखादी भिंत फोडली असती.

बस लागली. मी तिची बॅग वर चढवली. खाली उतरून खिडकीपाशी गेलो. म्हटलं, “शनिवारी दुकान लवकर बंद करून मी येत जाऊ का? तिकडे? झोपेन गादीवर.”

तिने लगेच हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा ती वाकून म्हणाली, “या. पण आधी फोन करा. शनिवारी कधीकधी वर्ग असतो माझा.”

शुक्रवारी फोन करायचा आहे.